शिक्षेच्या अलीकडे आणि पलीकडे

लैंगिक अत्याचाराची एखादी भीषण घटना उजेडात आली की आपल्याकडे लोकक्षोभाचा एक ठरावीक क्रम सुरू होतो. मोर्चे निघतात, बंद पाळले जातात, विधिमंडळात गदारोळ होतो आणि ‘फाशी द्या’ या घोषणेपुढे दुसरे काही ऐकू येईनासे होते. शासनही मग अधिक कडक कायद्याचे आश्वासन देऊन मोकळे होते. या साऱ्या कोलाहलात गुन्हेगाराचे काय करायचे, एवढा एकच प्रश्न विचारला जातो. जिच्यावर अत्याचार झाला ती उद्या कोठे राहणार, कोणाच्या आधाराने साक्ष देणार, आणि दहा-बारा वर्षांनी तो माणूस सुटून त्याच गल्लीत परत आला म्हणजे तिने काय करावे, हे प्रश्न मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाहीत. वस्तुतः गुन्हेगाराचा बंदोबस्त आणि पीडितेचे संरक्षण हे दोन स्वतंत्र विषय नव्हेत. पहिल्याची आखणी दुसऱ्याच्या दृष्टीने केली तरच समाज सुरक्षित होतो, असे प्रतिपादन करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शक्यतांचा गुणाकार

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात बलात्काराचे ३१,५१६ गुन्हे नोंदले गेले. दरवर्षीप्रमाणे त्या वर्षीही ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी हा पीडितेच्या परिचयाचा होता. कोणी नातलग, कोणी शेजारी, कोणी मित्र, तर कोणी मालक. न्यायालयात निकाली निघालेल्या खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आतच राहिले. अंधाऱ्या रस्त्यावर दबा धरून बसलेला अनोळखी नराधम ही आपल्या कल्पनेतील प्रतिमा आणि ही आकडेवारी यांचा मेळ बसत नाही. आरोपी परिचित असतो, याचा अर्थ तो अनेकदा पीडितेच्या घराचा, वस्तीचा किंवा रोजीरोटीचा भाग असतो. त्याला पकडून दूर नेले म्हणजे प्रश्न मिटला, असे अशा वेळी होत नाही.

शिक्षेच्या कठोरतेपेक्षा तिची निश्चिती गुन्ह्याला अधिक आळा घालते, हा विचार इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ साली मांडला होता. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये गुन्ह्याच्या आर्थिक विश्लेषणाला पद्धतशीर रूप दिले, तेव्हाही शिक्षेचे प्रमाण आणि शिक्षा होण्याची शक्यता या दोन घटकांचा वेगवेगळा विचार करावा लागतो, हे त्याने दाखवून दिले. आपण मात्र पहिल्या घटकावरच सारी भिस्त ठेवतो. लैंगिक गुन्ह्यात शिक्षेची शक्यता कशी ठरते ते पाहावे. पीडितेने तक्रार करायला हवी, पोलिसांनी ती नोंदवायला हवी, वैद्यकीय पुरावा वेळेत व नीट गोळा व्हायला हवा, पीडिता साक्षीच्या दिवसापर्यंत टिकून राहायला हवी आणि न्यायालयात तिची साक्ष ग्राह्य ठरायला हवी. समजा, या पाचही टप्प्यांवर यशाची शक्यता निम्मी आहे. तर अखेरची शक्यता बत्तीसात एक, म्हणजे जेमतेम तीन टक्के उरते. शिक्षा सात वर्षांची दहा केली, दहाची जन्मठेप केली किंवा फासाचा दोर टांगला, तरी या गुणाकारात काडीचाही फरक पडत नाही. फरक पडेल तो त्या पाच टप्प्यांवर पीडितेला कसे वागवले जाते त्याने. गुन्हेगाराला शासन होण्याची सारी यंत्रणा शेवटी तिच्या धैर्यावर उभी आहे आणि त्या धैर्यामागे आपण काहीही भांडवल गुंतवत नाही.

कठोरतेचा अतिरेक उलट अंगावरही येऊ शकतो. बलात्कार आणि खून यांना एकच शिक्षा असेल तर साक्षीदार जिवंत ठेवण्यात गुन्हेगाराला लाभ उरत नाही. घरातील माणूस फासावर जाईल या धास्तीने नातेवाईक मुलीचे तोंड बंद करतात. न्यायमूर्ती जगदीशशरण वर्मा यांच्या समितीने जानेवारी २०१३ मधील अहवालात बलात्कारासाठी फाशीची शिफारस करण्याचे टाळले, हे या संदर्भात लक्षात घेण्याजोगे आहे. तरीही आपल्या विधिमंडळाने २०२१ च्या डिसेंबरात फाशीची तरतूद असलेले ‘शक्ती’ विधेयक मंजूर केले. ते अमलात येऊ शकले नाही. परंतु त्यावर जेवढी चर्चा झाली तिचा दशांशही जिल्हा रुग्णालयातील तपासणी कक्षावर झाली नाही.

जे कायदे न करताच ‘न्याय’ मागतात त्यांच्याविषयी तर बोलायलाच नको. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ चार संशयित पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले तेव्हा देशभर पेढे वाटले गेले. त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती विकास सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये तो गोळीबार जाणूनबुजून, ठार मारण्याच्या हेतूने केल्याचा निष्कर्ष काढला. अशा चकमकीने सत्यशोधनाचा मार्ग कायमचा बंद होतो आणि पुढच्या पीडितेसाठी एकही सुधारणा मागे राहत नाही.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, तिच्या अंगावर जखमा नाहीत व तिने प्रतिकार केल्याचे दिसत नाही, अशा कारणांनी त्यांना मुक्त केले. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले, त्यातून चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारात संमती नसल्याचे गृहीतक आले, पीडितेचे नाव प्रसिद्ध करण्यास बंदी आली. कायद्याने पीडितेकडे पाहण्याची दृष्टी बदलण्याचा तो आरंभ होता.

त्याच सुमारास, १९८४ साली, टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस यंत्रणेच्या आवारातच प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसवायची, ही त्यामागील साधी कल्पना होती. पुढे २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र उभारले. घरगुती हिंसाचाराच्या खुणा घेऊन येणारी स्त्री पोलिसांकडे जाण्याआधी रुग्णालयात येते, हे त्यामागचे निरीक्षण. या दोन्ही प्रयोगांचा धडा एकच होता. तिने दहा दारे ठोठावण्याऐवजी दहा खात्यांनी तिच्याकडे यावे.

त्यानंतर तुकडे पुष्कळ गोळा झाले. २०१३ पासून राज्यात ‘मनोधैर्य’ योजनेखाली अर्थसाहाय्य आहे. २०१५ पासून ‘सखी’ केंद्रे आहेत. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या बालकांना सहाय्यक व्यक्ती मिळावी असा नियम आहे आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीचे आदेश दिले आहेत. साक्षीदार संरक्षणाची योजना २०१८ पासून कायद्याइतकीच बंधनकारक आहे. असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्षकेंद्रे उभारण्याचे आदेश आहेत. असे असता तक्रार काय? तक्रार ही की प्रत्येक तुकडा वेगळ्या खात्याच्या कपाटात आहे. पोलीस गृह खात्याचे, सखी केंद्र महिला व बालविकासाचे, डॉक्टर आरोग्य खात्याचा, अर्थसाहाय्य विधी सेवा प्राधिकरणाकडे आणि तुरुंगाधिकारी पुन्हा गृह खात्याचाच, पण वेगळ्या शाखेचा. या सर्वांना जोडणारा दुवा एकच असतो आणि तो म्हणजे स्वतः पीडिता. हातात कागदांची पिशवी घेऊन एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत समन्वयाचे काम तीच करीत असते.

शिक्षा दिल्यानंतर तर हा दुवाही तुटतो. २००२ च्या गुजरात दंगलीतील बिल्किस बानो यांच्या प्रकरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुंबईत चालला आणि २००८ मध्ये येथील विशेष न्यायालयाने ११ जणांना जन्मठेप ठोठावली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात शासनाने त्या अकराही जणांना मुदतीपूर्वी सोडले. एवढा मोठा निर्णय घेण्यापूर्वी आपल्या सुरक्षिततेची कोणीही विचारपूस केली नाही, असे त्यांना जाहीर निवेदनात सांगावे लागले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मुक्तता रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालल्यामुळे निर्णयाचा अधिकार या राज्याचा होता, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. हे प्रकरण देशभर गाजले म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्यांच्या प्रकरणाला प्रसिद्धीचे वलय नाही अशा स्त्रियांना, आरोपी सुटल्याचे तो समोर येऊन उभा राहतो तेव्हाच कळते.

परदेशातील दोन वाटा

या बाबतीत पाश्चात्य देशांनी दोन भिन्न वाटा चोखाळल्या आहेत. पहिली वाट जाहीर यादीची. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने लैंगिक गुन्हेगारांची नोंदणी सुरू झाली आणि १९९६ च्या ‘मेगनच्या कायद्या’ने ती माहिती जनतेपुढे खुली करण्यात आली. शेजारी कोण राहतो हे कळले की लोक सावध होतील, ही त्यामागची कल्पना. परिणाम काय झाला? लिंडेन आणि रॉकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नॉर्थ कॅरोलायनातील एका परगण्यात असा गुन्हेगार राहावयास आला की अगदी लगतच्या घरांच्या किमती सुमारे ४ टक्क्यांनी घसरतात, असे आढळले. प्रेस्कॉट आणि रॉकॉफ यांनी २०११ मध्ये १५ राज्यांच्या आकडेवारीवरून त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष काढला. पोलिसांकडे असलेल्या नोंदणीने पुनरावृत्ती घटते, विशेषतः परिचितांवरील गुन्हे कमी होतात. परंतु तीच माहिती चव्हाट्यावर मांडली की यादीतील माणसांकडून पुन्हा गुन्हे होण्याचे प्रमाण वाढण्याकडेच कल दिसतो. याचे कारण सहज समजण्याजोगे आहे. ज्याला घर मिळत नाही, काम मिळत नाही, त्याला सन्मार्गावर राहून गमावण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी वाट सहकार्याची. अमेरिकेतच कोलोरॅडोमधील अभ्यासक किम इंग्लिश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये एक निराळी पद्धत मांडली. सुटलेल्या गुन्हेगारावर देखरेख करणारा अधिकारी, त्याच्यावर उपचार करणारा तज्ज्ञ आणि त्याच्या सांगण्याची शहानिशा करणारा परीक्षक यांनी एकत्र बसायचे, एकमेकांपासून काही दडवायचे नाही, आणि प्रत्येक निर्णय पीडितेचे व संभाव्य पीडितांचे हित या एकाच कसोटीवर घासून पाहायचा. इंग्लंड-वेल्समध्ये २००१ पासून पोलीस व परिवीक्षा सेवा यांच्यावर, आणि पुढे तुरुंगांवरही, अशा गुन्हेगारांचा संयुक्त आढावा घेण्याची कायदेशीर जबाबदारी आहे. गंभीर लैंगिक गुन्ह्यातील पीडितेला तेथे संपर्क अधिकारी मिळू शकतो, आणि सुटकेच्या वेळी ‘या भागात त्याने येऊ नये’ अशी अट घालण्याची मागणी ती करू शकते. कॅनडातील हॅमिल्टन येथे १९९४ मध्ये मेनोनाइट पंथाच्या एका छोट्या मंडळीने तर सुटलेल्या गुन्हेगाराभोवती चार-सहा स्वयंसेवकांचे वर्तुळ उभारले. आधार द्यायचा आणि जाबही विचारायचा, हे त्याचे दुहेरी सूत्र होते.

ही वाटही निष्कंटक नाही. इंग्लंडमध्ये जॉन वॉरबॉइज या कुख्यात गुन्हेगाराच्या सुटकेचा निर्णय झाला तेव्हा अनेक पीडित स्त्रियांना ती बातमी प्रसारमाध्यमांतून कळली. परंतु दोन पीडितांनी दाद मागताच मार्च २०१८ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि सुटकेची कारणे गुप्त ठेवण्याचा नियमही पुढे बदलला. पीडितेचे ऐकणे ही केवळ सहानुभूतीची बाब नसून शासनाची चूक दुरुस्त करण्याचे ते साधन आहे, हेच यावरून दिसते.

यादीचा मोह आणि इतिहासाचा इशारा

आपल्याकडेही २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. आरंभीच तिच्यात चार लाखांहून अधिक नोंदी होत्या. ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते आणि हे योग्यच आहे. ही यादी जाहीर करा अशी मागणी अधूनमधून होत असते. ती करणाऱ्यांनी महाराष्ट्राचाच इतिहास आठवावा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजांनी माणसांच्या नव्हे, तर अख्ख्या जमातींच्या नोंदी केल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण पारध्याच्या पोराकडे पाहणारी संशयी नजर आजही पुरती गेलेली नाही. जाहीर यादीचा डाग एकट्या माणसावर थांबत नाही, तो कुटुंबावर आणि वस्तीवर पसरतो. शिवाय गुन्हेगार घरातलाच असेल तर त्याचे नाव जाहीर करणे म्हणजे पीडितेचीही ओळख उघड करणे होय, आणि तीच तर कायद्याने निषिद्ध आहे.

दुसरा आक्षेप कायदेपंडितांचा. पीडितेला मध्यवर्ती स्थान दिल्यास आरोपीवर अन्याय होणार नाही काय? आक्षेप रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर आहे. दोष सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला पाहिजे आणि त्याला बचावाची पूर्ण संधी मिळाली पाहिजे, याविषयी दुमत असू नये. पीडितेने न्यायाधीश व्हावे असे कोणी म्हणत नाही. खटल्यापूर्वी तिला आधार द्यायचा आणि दोषसिद्धीनंतर तिचे म्हणणे विचारात घ्यायचे, एवढेच येथे अभिप्रेत आहे.

काय करता येईल

पहिली गोष्ट म्हणजे माहितीचा हक्क. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडितेला कळवण्याचे बंधन पोलिसांवर घातले आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात तर २०१५ च्या दुरुस्तीने १५-अ हे कलम आले आणि जामीन, पॅरोल, सुटका, शिक्षा या प्रत्येक टप्प्यावर ऐकले जाण्याचा हक्क पीडितांना मिळाला. नमुना आपल्याच कायद्यात तयार आहे. तो प्रत्येक गंभीर लैंगिक गुन्ह्याला लागू करावा आणि त्याची व्याप्ती फर्लो व शिक्षामाफीपर्यंत वाढवावी. मात्र हा हक्क असावा, ओझे नसावे. ज्या स्त्रीला तो अध्याय कायमचा मिटवायचा आहे तिला काहीही न कळवण्याची मुभा हवी.

दुसरी गोष्ट, जिल्ह्याच्या पातळीवर समन्वय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पुढाकाराने पोलीस, सरकारी वकील, जिल्हा रुग्णालय, सखी केंद्र, तुरुंग आणि परिवीक्षा अधिकारी यांनी महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती बसावे. प्रत्येक प्रकरणात पीडितेसाठी एकच उत्तरदायी व्यक्ती नेमलेली असावी. स्त्रीसंघटनांचा प्रतिनिधी त्या बैठकीत असल्यावाचून तिचा दृष्टिकोन तेथे पोहोचणार नाही.

तिसरी गोष्ट, सुटकेची पूर्वतयारी. बलात्काराची किमान शिक्षा आता दहा वर्षांची आहे. याचाच अर्थ असा की दोषी ठरलेल्यांपैकी पुष्कळजण कधी ना कधी बाहेर येणार आहेत. तुरुंगात अशा कैद्यांवर मानसोपचार करण्याची नियमित, सर्वत्र लागू अशी व्यवस्था आपल्याकडे नाही. गेला तसाच, किंबहुना अधिक कडवट होऊन माणूस परत येतो. तो कोठे राहील, काय काम करील, कोणाच्या देखरेखीखाली असेल, हे दार उघडण्यापूर्वी ठरले पाहिजे. गुन्हेगाराला काम मिळवून देणे म्हणजे त्याचे लाड करणे नव्हे. वेळेवर कामावर जाणारा आणि ठरल्या दिवशी हजेरी देणारा माणूस कोठे आहे हे ठाऊक असते, एवढा व्यवहार त्यामागे आहे.

चौथी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट पैशाची. घरातील कमावता पुरुषच आरोपी असेल तर त्याच्या अटकेबरोबर चूल विझते. साक्षीदार फितूर झाला असे आपण सहज म्हणतो, परंतु त्या फितुरीमागे अनेकदा थकलेले घरभाडे आणि किराणा दुकानदाराची उधारी असते. अशा वेळी पहिल्या आठवड्यात हाती पडलेले पाच हजार रुपये हे दोन वर्षांनी मंजूर होणाऱ्या दोन लाखांपेक्षा न्यायाच्या अधिक कामी येतात.

हे सारे खर्चिक आहे, असा सूर निघेल. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने एवढेच सांगावेसे वाटते की खर्च टाळल्याने टळत नाही, तो दुसऱ्याच्या नावे मांडला जातो. आज तो पीडितेच्या नावे मांडलेला आहे. सुटलेली शाळा, बुडालेली मजुरी, बदललेले गाव, मोडलेले लग्न आणि रात्रीची उडालेली झोप या रूपाने ती तो हप्त्याहप्त्याने फेडीत असते. तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही म्हणून आपल्याला स्वस्त वाटतो. गुन्हेगाराला आवर घालण्याचे काम राज्याचे आहे आणि त्याची किंमतही राज्याने चुकती केली पाहिजे. पुढच्या वेळी लोक रस्त्यावर उतरतील तेव्हा त्यांच्या मागण्यांत फाशीबरोबर, किंबहुना फाशीच्या आधी, हा हिशेबही असावा.